हात हाय, पाय हाय, मग काय झालंय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो दाखल्याच्या रांगेत माझ्या पुढं उभ्या असलेल्या माणसानं. मग खिडकीतल्या कारकुनानं. मग आमच्याच गल्लीतल्या एका शहाण्यानं, ज्याला मी काही विचारलंच नव्हतं. कोल्हापूरकडची माणसं तोंडानं फटकळ आणि मनानं साफ, असं आम्हीच आमच्याबद्दल सांगत फिरतो. मला विचाराल तर या साफ मनाच्या जोरावर आम्ही लोकांना वाट्टेल ते बोलून घेतो.

मी साताप्पा, हुपरीचा. आमच्या घरात चांदीच्या पैंजणांचं काम आहे. थोरला भाऊ, ज्याला मी आण्णा म्हणतो, वैनी, त्यांची मुलगी स्वाती आणि मी, असे आम्ही चौघं. मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत आणि हे सगळं मी स्वतः लिहिलंय, हेही आधीच सांगून टाकतो. कारण येड्याला लिहिता येतं का, हा पुढचा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे.

माझं दुःख उगाळायला हे लिहीत नाही. मनाच्या आजारालाही दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो, त्यावर सरकारची पेन्शन मिळते, हे कायद्यात आहे. पण तो दाखला मागायला गेल्यावर काय होतं, ते कुणी सांगत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्या पुढं गेलेल्यांनी ठेच लागल्याचं घरी जाऊन लपवलं असणार, म्हणून आम्ही परत त्याच दगडावर आपटलो.

कावीळ

आजार सुरू झाला तेव्हा मला तिशी लागायची होती. आगीवर कड्या जोडत बसलेलो असलो की पाठीमागून कुणीतरी बोलायचं. वळून बघावं तर कोण नाही. आधी अधूनमधून, मग दिवसभर. काम हातातून सुटायला लागलं. मी भिंतीकडं तोंड करून बसायला लागलो, आंघोळ सोडली, आण्णाशी बोलणं सोडलं. तो आवाज काय म्हणायचा ते आत्ता सांगत नाही. ते मला जिथं सांगावं लागलं, तिथंच सांगेन.

वैनीनं काय करायचं ठेवलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शेंबडं पोर होतो. आई मला आठवत नाही, आठवते ती वैनीच, शाळेला जाताना भांग पाडून देणारी. तिनं देवऋषी केला, अंगारे केले. माघात जोतिबाचे खेटे घातले, दर रविवारी अनवाणी चालत जाऊन डोंगर चढली. मी त्याला हसणार नाही. बाकीचे मला बघून रस्ता बदलत होते, तेव्हा ती माझ्यासाठी पायाला फोड आणून घेत होती.

शेवटी कुणीतरी कोल्हापुरातल्या मनाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, साखरेचा, रक्तदाबाचा असतो तसाच हाही आजार समजा.

"बरा हुईल न्हवं?" वैनीनं विचारलं.

"गोळ्या घेत राहिले तर बरे राहतील."

वैनीला त्यातलं 'बरे' एवढंच ऐकू गेलं. माझं म्हणाल तर डोळ्यांपुढं अंधारी वगैरे काही आली नाही. मला राग आला. ह्यांनी सगळ्यांनी मिळून मला येडं ठरवलं असं वाटलं, आणि मी तिथून पळून जायला बघत होतो. आण्णानं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

परत येताना बसमध्ये आण्णानं ठरवून टाकलं. "कुणी इचारलं तर कावीळ झालीया म्हणायचं. कावीळ म्हटल्यावर कोण न्हाय इचारत."

पण कावीळ म्हटल्यावर तर सगळेच विचारतात! शेजारच्या आक्कांनी काविळीचा पाला वाटून आणला, समोरच्यांनी उसाचा रस पाठवला, कुणी उतारा सांगितला. तो कडू पाला मी वैनीची अब्रू राखायला गिळला. आवाज थांबला नाही, पण कावीळ मला आता जन्मात होणार नाही.

वॉर्डातला भात

मध्ये एकदा मी माझ्या मनानंच गोळ्या बंद केल्या आणि मला दवाखान्यात ठेवावं लागलं. हे कुणी करू नये, एवढंच सांगतो.

तिथलं रोजचं ठरलेलं होतं. सकाळी चहा, मग गोळी, मग नर्सचं "आ करा, जीभ वर करा." गोळी गालात लपवलीय का ते बघायचं असतं. सुरुवातीला या जीभ दाखवण्याची लाज वाटायची. नंतर नर्स खाटेजवळ येण्याआधीच मी तोंड उघडून बसायचो आणि ती हसायची.

शेजारच्या खाटेवर शाहूवाडीकडचे एक म्हातारे बाबा होते. उठल्या उठल्या मला विचारायचे, "भात कापला का रं?"

"कापला की."

"मग झाकून ठेव. पाऊस याला लागलाय."

मी जन्मात भात कापलेला नाही. पण आम्ही दिवसभर भाताचं बोलायचो, बांध कुठं फुटला, रोप कुणाकडनं आणलं. तिथं बाकीचे सगळे मला झोप लागली का, शौचाला झालं का एवढंच विचारत. कामाचं विचारणारे ते बाबा एकटेच होते. दुपारी वैनी हुपरीहून बसनं डबा घेऊन यायची आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत खाटेवरून हलायची नाही. संध्याकाळची बस चुकली तरी हलायची नाही.

माझ्या गोळ्या

गोळ्यांनी आवाज दबला, पण हात कापायला लागले. कापऱ्या हातानं कडीला कडी जुळत नाही. आमच्या धंद्यात नजर आणि हात या दोनच गोष्टी लागतात, त्यातली एक माझी गेली. डोकंही मंद चालायचं. कुणी एकदम तीन कामं सांगितली की मी जागेवर उभा.

औषध आण्णाच्या कमाईतून येत होतं. तो कधी एका शब्दानं बोलला नाही. पण औषधाच्या दुकानात तो पाकीट काढायचा तेव्हा मी रस्त्याकडं बघत उभा राहायचो. माझ्या गोळ्या माझ्या पैशानं याव्यात, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी पेन्शन हवी आणि पेन्शनसाठी चाळीस टक्के तरी दिव्यांगत्व असल्याचा दाखला हवा. मी घरात तसं बोललो तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो.

आण्णाचा घास थांबला. "कागदावर लिवून घेतलंस तर पोरीच्या स्थळाला काय सांगायचं?"

स्वाती तेव्हा कॉलेजला होती. ती बापाकडं बघत म्हणाली, "काका मेला म्हणून सांगूया काय? का कावीळच चालू ठेवायची?"

आण्णा ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी मात्र न बोलता त्यानं माझे सगळे जुने कागद एका पिशवीत घालून दाराजवळ आणून ठेवले. आण्णाचं हे असं असतं.

करतो की!

तपासणीचा दिवस आला, आणि आम्ही जी चूक केली ती आमच्यासारख्या माणसांनीच करावी.

आमच्याकडं कोल्हापूरला जायचं, त्यातही सरकारी कामाला जायचं, म्हणजे माणूस नीट दिसला पाहिजे. वैनीनं मला आदल्या दिवशी न्हाव्याकडं पाठवलं. सकाळी अंगाला साबण लावून घासायला लावलं, डोक्याला तेल चोपडलं, आण्णाचा लग्नाकार्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून घातला. स्वतः ठेवणीतलं पातळ नेसली. आम्ही सोयरीक बघायला निघाल्यासारखे दिसत होतो.

रांगेत माझ्या पुढं कुबड्या घेतलेला एक माणूस होता. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं. "काय पावणं, कुणाला घिऊन आलाय?"

"मीच हाय."

"हात हाय, पाय हाय, मग काय झालंय तुमास्नी?"

वैनी पुढं झाली. "डोक्याचं हाय जरा," ती म्हणाली, आणि 'जरा' वर तिनं असा जोर दिला की त्या माणसानं मान फिरवली. मग तो आपणहून म्हणाला, "आमचं बरं हाय म्हणायचं. दिसतंय तरी." दिवसभरात माझ्याशी एवढं शहाणपणाचं बोलणारा तो एकटाच भेटला.

आत एक तरुण डॉक्टर होते. कागदावरून मान वर करून म्हणाले, "काय, बरं आहे ना?"

"बरं हाय," मी म्हणालो.

आता यात माझं काय चुकलं? आमच्याकडं 'बरं हाय का' म्हटलं की 'बरं हाय' हेच म्हणतात. घरात मयत झालेलं असलं तरी माणूस आधी 'बरं हाय' म्हणतो आणि मग सांगतो की आबा गेले. डॉक्टरांनी 'आणि?' म्हणून थांबायला पाहिजे होतं. ते थांबले नाहीत, त्यांनी लिहिलं.

"आंघोळ स्वतः करता?"

मी तोंड उघडायच्या आत वैनी. "करतो की! रोज करतो."

"बाजारहाट?"

"करतो की. साखर आणतो, चहापत्ती आणतो."

"लोकांत मिसळतो?"

"सगळी गल्ली वळखती त्येला, डॉक्टर. लई गुणाचा हाय. कुणाला उलटून बोलत न्हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली.

तिनं सांगितलेल्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मी आंघोळ करतो. वैनी पाणी काढून देते, कपडे ठेवते आणि मोरीच्या बाहेर उभी राहून सांगते, आता पाणी घे, आता साबण लाव, आता डोक्यावरनं घे. नाहीतर मी तांब्या हातात धरून पाणी गार होईपर्यंत बसून राहतो. मी साखर आणतो. वैनी चिठ्ठी लिहून देते आणि दुकानदार चिठ्ठी वाचून पिशवी हातात देतो. त्या प्रत्येक 'करतो की'च्या मागं वैनी उभी होती. कागदावर मात्र मी एकटाच उतरलो.

पंधरा-वीस वर्षं ती गल्लीत, पाहुण्यांत, लग्नात, मयताला हेच सांगत आली होती. साताप्पा गुणाचा हाय, साताप्पा सगळं करतो. कुणी मला येडा म्हणू नये म्हणून. त्या खोलीतही तिनं तेच केलं. डॉक्टरनं माझ्यावर काहीतरी आरोप केलाय आणि आपण साक्षीला उभं राहायचंय, असंच तिला वाटलं.

दाखला चाळीसच्या खाली आला. कारकून म्हणाला, "ह्याचा काय उपयोग न्हाय बघा." आणि मग दात काढत, "तुम्ही तर ठणठणीत दिसालाय की पावणं! पेन्शन खायचं वय हाय का तुमचं?"

राग

इथं जरा रागानं लिहितो, वाचणाऱ्यानं सोसून घ्यावं.

आजार झाल्या दिवसापासून मला सगळ्यांनी एकच शिकवलं, की लपव. बसमध्ये स्वतःशी बोलू नको. लग्नात कोपऱ्यात बस. कावीळ म्हण. गोळ्या पाहुण्यांसमोर काढू नको. मी शिकलो. इतकं चांगलं शिकलो की भर वस्तीत राहूनही अर्ध्या गावाला माझा आजार ठाऊक नाही. आणि आता हेच लोक म्हणतात, दाखव. कुठं आहे आजार? दिसत तर नाही!

मेंदू काय खिशातून काढून टेबलावर ठेवू? कुबड्या घेतलेल्याला कुणी म्हणत नाही की आधी पळून दाखवा, मग बघू. मला मात्र शर्टाच्या इस्त्रीवरून जोखलं. मळका, दाढी वाढलेला, शिव्या देत गेलो असतो तर लगेच पटलं असतं. म्हणजे माझ्या वैनीनं मला माणसात ठेवलं, त्याचीच आम्हाला शिक्षा. आणि खोटे दाखले काढून खुशाल हिंडणारे आहेतच, त्यांच्या वाटणीचा संशयही आमच्याच अंगावर. करून गेला गाव आणि माझं नाव!

घरी आल्यावर वैनी म्हणाली, "बघ, डॉक्टरला बी पटलं तू बरा हाईस म्हणून." तिचा चेहरा खुललेला होता.

वाईट दिवस सांगा

पुढच्या वेळी गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला मनाच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा तिथल्या समाजसेविका बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी मला बसवलं आणि एक प्रश्न विचारला, जो त्या डॉक्टरांनी विचारायला हवा होता.

"वहिनी चार दिवस गावाला गेल्या तर तुमचं काय होतं?"

मला आठवलं. वैनीच्या माहेरी मयत झालं होतं आणि ती स्वातीला घेऊन गेली होती. आण्णा कारागिरांत गुंतलेला. मी पहिल्या दिवशी जेवलो नाही, दुसऱ्या दिवशी उठलो नाही. गोळ्या घेतल्या नाहीत. ती परत आली तेव्हा अंथरूण ओलं होतं. हे सांगताना माझी मान खाली गेली.

"हे सांगायचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही चांगल्या दिवसाचं सांगून आलात. वाईट दिवसाचं सांगा. जे कुणाच्या मदतीनं होतं, ते 'करतो' म्हणायचं नाही. 'मदत लागते' म्हणायचं. फेरतपासणीचा अर्ज करा."

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा. आम्हाला हे एका भल्या बाईंनी सांगितलं. तपासणीच्या दाराशी पाटीवर लिहायला कुणाचा हात मोडला होता काय?

वैनीला हे समजावणं सगळ्यात कठीण गेलं. तिनं भांडी आदळली. "माझ्या तोंडानं मी तुला येडा म्हणू? ज्यानं त्यानं म्हटल्यावर मी त्येंची तोंडं फोडली, आनि आता मीच म्हणू? पेन्शनीला आग लागू दे!"

"येडा म्हणू नको, वैनी. मी आंघोळीला किती वेळ बसतो तेवढं सांग."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गरम पाणी मात्र काढून ठेवत होती. शेवटी स्वातीनं तिला सांगितलं, "आई, काकाला तुझं खोटं नको हाय, खरं पायजे. तेवढं दे की."

दार

फेरतपासणीला आम्ही रोजच्या कपड्यांत गेलो. या वेळी डॉक्टर वयस्क होते. खोलीचं दार सताड उघडं. दाराला चिकटून रांग, रांगेतली तोंडं आत. माझ्या आधीच्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर काय काय विचारलं ते सगळं मी बाहेरून ऐकलं होतं. ऐकायचं नव्हतं तरी ऐकलं. ती बाई पदर तोंडावर घेऊन बाहेर आली.

मी खुर्चीवर बसलो नाही. म्हणालो, "आधी दार लावा."

शिपाई म्हणाला, "गर्दी हाय पावणं, वारं लागत न्हाय आत."

"मग मी बोलत न्हाय. ही काय रस्त्यावर बोलायची गोष्ट न्हाय."

माझा आवाज चढला होता. आता डॉक्टर म्हणतील, बघा, चिडका आहे, असं मनात आलं. पण ते शिपायाला म्हणाले, "लाव रे दार." लावलं. इतकी साधी गोष्ट. तीसुद्धा मागावी लागली.

मग प्रश्न सुरू झाले. वैनी भिंतीकडं बघत बोलत होती. "न्हाय. आंघूळ आपली आपण करत न्हाय. मी भाईर उभी ऱ्हाऊन सांगते... न्हाय. पैशाचं त्येला जमत न्हाय... न्हाय." प्रत्येक 'न्हाय'ला तिची मान आणखी खाली जात होती. कुणीतरी तिच्याकडून एकेक दागिना उतरवून घेतंय असं तिचं तोंड झालं होतं. मला वाटलं, पुरे, उठावं आणि जावं. पण गोळ्यांसाठी निघणारं आण्णाचं पाकीट आठवलं आणि मी बसून राहिलो.

"आवाज येतात अजून?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"येतात. कमी झाल्यात."

"काय म्हणतात?"

"ताटात विष हाय म्हणतात. खाऊ नको म्हणतात."

"कुणाचा आवाज असतो? ओळखीचा?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मनाच्या डॉक्टरांना 'ओळखू येत नाही' म्हणालो होतो. वॉर्डात तेच, आण्णालाही तेच. मी वैनीकडं बघितलं नाही. तिनंच मध्ये तोंड घातलं, "कुणाचा असतोय, डॉक्टर? भास त्यो. कुणाचा न्हाय."

खोटं बोलता आलं असतं. पण दोन दिवस अबोला धरून, भांडी आदळून ती खरं बोलायला तयार झाली होती, आणि आता मीच खोटं बोलू?

"वैनीचा," मी म्हणालो.

डॉक्टरांचं पेन थांबलं, मग चालायला लागलं. वैनी हलली नाही. बाहेर कुणीतरी दारावर थाप मारून विचारत होतं, अजून किती वेळ.

भाकरी

बाहेर आवारात एका झाडाखाली बसून आम्ही नेहमी डबा खातो. हॉटेलचं मला चालत नाही, तिथं आवाज वाढतो. वैनीनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. वाढलं आणि डबा हातातच धरून ती थांबली. मला देईना.

"कवापासनं?" ती म्हणाली.

"पयल्यापासनं."

"म्हंजे मी तुला वाढत हुते, आनि माझाच आवाज तुला खाऊ नको म्हणत हुता?"

"व्हय."

"त्या दवाखान्यात मी रोज डबा घिऊन येत हुते तवाबी?"

"तवाबी."

"आनि तरीबी खात हुतास?"

"खात हुतो की."

"का रं?"

याचा मी कधी विचार केला नव्हता. जे होतं ते सांगितलं. "मरायचं तर तुझ्या हातनं मरू म्हटलं. परक्याच्या हातनं कशाला?"

वैनीनं माझ्या डोक्यात एक टपली मारली आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तोंडाला पदर न लावता रडली. मग डोळे पुसले, माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, स्वतःच्या तोंडात घातला, चावून गिळला आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "आता खा."

दाखला या वेळी चाळीसच्या वर आला. पेन्शनसाठी आणखी हेलपाटे झाले, पण सुरू झाली. औषधाच्या दुकानात आता मी स्वतः पैसे देतो. पुन्हा तपासणीला बोलावतील तेव्हा जावं लागेल, आणि पुन्हा सगळं सांगावं लागेल. माझ्यासारख्यांनी दाखला काढावा, लाजू नये, तो आपला हक्क आहे. फक्त घरच्या माणसाला कुठल्या खोलीत नेऊन बसवतोय आणि तिथं त्याला काय काय ऐकावं लागेल, ते आधी घरात एकमेकांशी बोलून घ्यावं. मी बोललो नव्हतो.

आवाज अजून येतो. त्या दिवसापासून वैनी माझ्या ताटातला पहिला घास आधी स्वतः खाते. सकाळी खाते, संध्याकाळी खाते, उपासाच्या दिवशीसुद्धा उपास मोडून खाते. मी सांगून बघितलं, भांडलो, एकदा ताटावरून उठून गेलो. ती म्हणते, "गप जेव." आजारी आहे हे सिद्ध करायचं होतं ते मला, आणि आता लहानाचं मोठं केलेल्या माझ्यासमोर बसून रोज दोन वेळा ती सिद्ध करत असते की अन्नात विष नाही. ती घास गिळते, माझ्या तोंडाकडं बघते आणि ताट पुढं करते. हे कुठल्या साहेबाला बोलावून दाखवू?